रात्री किती वेळा उठता ते नंतर, आधी किती होते ते मोजा: ब्लॅडर डायरीचा अनुभव

अर्धी_झोप

नमस्कार मंडळी. विषय अवघड जागेचा आहे, पण इथे टोपणनावाची सोय आहे म्हणून लिहून टाकतो.

वय ६१. गेली तीन वर्षं रात्री तीनदा, कधी चारदा लघवीला उठतोय. सोनोग्राफीत प्रोस्टेट थोडी वाढलेली दिसली. या वयात ती दिसायचीच. टॅमसुलोसिन सुरू झाली. धार सुधारली, अडखळत व्हायची तेही गेलं. रात्रीचं उठणं मात्र जिथल्या तिथे. मग आणखी एक गोळी जोडली, तरी तेच. शेवटी 'ऑपरेशन करून मोकळं व्हावं' इथवर आलो. या तीन वर्षांत मला 'किती वेळा?' असंच विचारलं गेलं, आणि मीही तेवढंच सांगत राहिलो. दोष एकट्या डॉक्टरांना देत नाही.

ऑपरेशनबद्दल दुसरं मत घ्यायला गेलो, तर त्या डॉक्टरांनी रिपोर्टची फाइल बाजूला सारली आणि 'ब्लॅडर डायरी', म्हणजे मूत्राशयाच्या नोंदींचा एक छापील तक्ता पुढे केला. तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी मापात धरायची, वेळ आणि मिली लिहायचे, काय प्यायलात तेही लिहायचं. मनात म्हटलं, एवढ्या तपासण्या झाल्यावर हा काय शाळेचा गृहपाठ! तरीही केला. दुसऱ्या दिवसाची नोंद जशीच्या तशी देतो:

सकाळी ९:००: १५० मिली
११:३०: १८०
दुपारी २:१५: १६०
५:००: १७०
७:४५: १४०
रात्री १०:३०: १००, लगेच आडवा झालो
१२:४०: ३१०
२:३०: ३४०
४:३०: २९०
सकाळी ६:१५: २६०, उठलो

बेरीज २१०० मिली. त्यातली १२०० मिली मी अंथरुणात असताना तयार झालेली, म्हणजे ५७ टक्के. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या मूत्राशयात एका वेळी ३४० मिली व्यवस्थित मावतेय. ते बिचारं भरलं की उठवतं, एवढंच. रात्रपाळी किडनी करतेय. प्रोस्टेट कापून किडनी कशी थांबेल?"

तीन वर्षं मी चुकीच्या दारावर थापा मारत होतो. कुणी ही डायरी केली आहे का? तुमचे आकडे काय निघाले?

---

सुई_दोरा

मी बाई आहे, तरी लिहिते, कारण आमच्याकडे मोजणी माझीच असते. नवरा डॉक्टरांना शपथेवर 'दोनदा' सांगतो. मी दिवा लागताना मोजलाय, पाचदा. खोटं बोलत नाहीत हो ते, अर्धवट झोपेत उठलेलं सकाळी आठवतच नाही त्यांना.

---

शंकासुर

मोजपात्र घेऊन फिरण्यापेक्षा प्रोस्टेटच्या त्रासाला गुण देणारी आयपीएसएस प्रश्नावली सोपी नाही का? सात प्रश्न, ३५ गुण, दोन मिनिटांत काम. ७ पर्यंत सौम्य, १९ पर्यंत मध्यम, पुढे तीव्र. जगभर वापरतात. हे मिलीचं प्रकरण हौशी लोकांसाठी वाटतं.

---

पांढरा_कोट

मी मूत्रविकारांचाच डॉक्टर आहे. इथे कुणाला तपासलेलं नाही, त्यामुळे जे लिहितो ते सर्वसाधारण समजावं.

शंकासुर, प्रश्नावली आम्हीही भरून घेतो. पण ते सात प्रश्न पुन्हा वाचा. पूर्ण रिकामं झाल्यासारखं वाटतं का, वारंवार जावं लागतं का, धार तुटते का, घाई होते का, धार बारीक आहे का, जोर करावा लागतो का, रात्री किती वेळा उठता. 'एका वेळी किती होते?' हा प्रश्न त्यात कुठेच नाही. लघवी गळते का, हेही नाही. माणूस किती गांजलाय ते गुणांवरून कळतं, कशाने गांजलाय ते कळत नाही. रात्री चारदा उठणारे दोघे जण घ्या. एकाला दर वेळी ८० मिली होते, दुसऱ्याला ३५०. प्रश्नावलीत दोघांना सारखेच गुण. आजार मात्र निराळे, औषधंही निराळी. पहिल्याचं मूत्राशय थोड्यावरच उठवतंय किंवा नीट रिकामं होत नाहीये, नाहीतर झोपच मुळात मोडतेय. दुसऱ्याला लघवीच जास्त होतेय.

अर्धी_झोप यांना गोळीने धार सुधारली, उठणं तसंच राहिलं, हे अगदी साहजिक आहे. टॅमसुलोसिन मूत्राशयाच्या तोंडाशी आणि प्रोस्टेटमध्ये असलेले स्नायू सैल करते. वाट मोकळी होते. वरून येणारं पाणी तिने कमी होत नाही.

आता हिशोबातली एक गोची, जिथे पुष्कळजण चुकतात. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी रात्रीच्या मापात धरायची, पण रात्रीच्या 'उठण्यात' मोजायची नाही. ती रात्रभरात साठलेली असते म्हणून मापात. तुम्ही तसेही उठणारच होता म्हणून उठण्यात नाही. अर्धी_झोप यांनी २६० मिली धरले ते बरोबर. त्याउलट झोपण्याआधीचे १०० मिली दिवसाचे. आणि रात्र म्हणजे घड्याळातली नव्हे, तुमच्या झोपेची. रात्रपाळी करणाऱ्याची 'रात्र' दुपारी असू शकते.

इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटीच्या २००२ च्या व्याख्येप्रमाणे चोवीस तासांतल्या लघवीपैकी रात्रीचा वाटा तरुणांत २० टक्क्यांच्या आणि ६५ च्या पुढे ३३ टक्क्यांच्या वर गेला, तर रात्री लघवी जास्त तयार होते असं धरतात. मधल्या वयात सीमा मधेच कुठेतरी. ६१ व्या वर्षी ५७ टक्के म्हणजे वादाला जागाच नाही.

---

तक्तेबाज

आकडे दिसले की मला राहवत नाही. दिवसाची सरासरी काढली, एका वेळी १५०. रात्रीची ३००. दिवसा निम्मं भरल्यावर जाताय आणि रात्री पूर्ण भरल्यावर. दिवसा खरंच कळ येते, की सवयीने जाता?

---

अर्धी_झोप

@तक्तेबाज, पकडलंत. घरातून निघताना, कामाला बसताना, उठताना, 'उगीच एकदा जाऊन येतो' हे चालूच असतं.

---

घाईगर्दी

हे 'उगीच जाऊन येतो' म्हणजे माझीच गोष्ट. वय ४८. दिवसाला तेरा वेळा. कुठेही गेलो की आधी संडास कुठे आहे ते हेरून ठेवणार. घराच्या कुलपात किल्ली फिरवताना अशी घाई व्हायची की विचारू नका. प्रोस्टेटच असणार, असं स्वतःच ठरवून टाकलं होतं.

डायरीत दिवसाची मापं ६० ते १२० मिली. घाबरलो, म्हटलं मूत्राशय आवळून गेलं. डॉक्टरांनी बोट ठेवलं ते सकाळच्या पहिल्या आकड्यावर: ३८० मिली. "रात्रभर एकदाही न उठता ३८० मिली धरून ठेवणारं मूत्राशय लहान कसं? दिवसा ते तुम्हाला फसवतंय, किंवा तुम्ही त्याला लाड करून ठेवलंय."

मग दुसऱ्यांदा डायरी भरताना प्रत्येक नोंदीपुढे खूण करायला लावली. कळ आली म्हणून गेलो तर 'क', उगीच गेलो तर 'उ', धावावं लागलं तर 'घ'. तेरातल्या सहा नोंदींपुढे 'उ' निघालं! स्वतःच्या अक्षरात ते बघून ओशाळायला झालं.

इलाज म्हणून गोळी दिलीच नाही. कॉफी कमी, आणि कळ आली की दहा मिनिटं थांबायचं. जमलं की पंधरा. घाईची लाट आली की पळायचं नाही, जागीच उभं राहून गुदद्वाराजवळचे स्नायू पाच-सहा वेळा पटपट आवळायचे, लाट ओसरते, मग चालत जायचं. पहिले दोन आठवडे फार वाईट गेले. दोन महिन्यांनी आठ वेळांवर आलो.

---

पांढरा_कोट

@घाईगर्दी, उत्तम उदाहरण. फक्त वाचकांसाठी एक: असं थांबवायला शिकवण्याआधी लघवी पूर्ण बाहेर पडतेय ना आणि संसर्ग नाही ना, हे बघून घेतात. सहा आठवडे तरी चिकाटी लागते. आणि लघवी चालू असताना मधेच थांबवण्याचा 'व्यायाम' काहीजण करतात, तो करू नये.

---

शंकासुर

ठीक, पटतंय थोडं. पण लोक खरे आकडे लिहितात याची काय खात्री? मी असतो तर सगळीकडे २०० लिहून मोकळा झालो असतो.

---

पांढरा_कोट

असतोच एखादा. सगळे आकडे २०० आणि २५०, सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच दमात, कागदाला घडीसुद्धा नाही. म्हणजे बाहेर बाकावर बसून भरलेली वही. खरी डायरी चुरगळलेली असते, रात्रीचं अक्षर तिरकं असतं, कुठेतरी '२१५ की २५१?' असं खोडलेलं असतं. मी तर म्हणतो, तीन दिवस जमत नसतील तर एकच दिवस द्या, पण खरा. सहसा तीन दिवस मागतो, कारण एक दिवस फसवा निघू शकतो. त्यात एक कामाचा आणि एक सुट्टीचा असावा.

दुसरी गंमत अशी, की मोजायला लागलं की माणूस सुधारतो. पाणी जपून पितो, उगीच जाणं टाळतो. तुमच्या आरोग्यासाठी छानच, पण मला मग नेहमीचं चित्र दिसत नाही. म्हणून त्या तीन दिवसांत शहाणपणा करायचा नाही.

---

अर्धी_झोप

मोजण्याच्या व्यवहारी गोष्टी कुणी सांगत नाही, त्या सांगतो. पात्र पारदर्शक, रुंद तोंडाचं, अर्ध्या लिटरहून मोठं हवं. दर २५ किंवा ५० मिलीला रेघ असलेलं. माझ्या पहिल्या पात्रावर १०० च्याच रेघा होत्या, सगळा अंदाजपंचे कारभार. सपाट जागी ठेवून डोळ्याच्या पातळीवर वाचायचं. हातात धरून वाकड्या नजरेने वाचलं की चुकतंच. वही आणि पेन पात्राला बांधून ठेवा. रात्री 'सकाळी लिहू' म्हटलं की गेलं. शौचाच्या वेळी जी होते ती मापात धरणं मला जमलं नाही, तिथे वेळ लिहून 'माप नाही' लिहिलं.

---

तक्तेबाज

ज्यांना रेघा वाचायच्या नाहीत त्यांनी वजनकाटा वापरा. वेगळा ठेवलेला, हे सांगायला नको! रिकाम्या पात्राचं वजन वजा करा. एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिली. पॅड वापरणाऱ्यांना गळती अशीच काढता येते, ओल्या पॅडच्या वजनातून कोरड्याचं वजा.

नोकरीच्या ठिकाणी कसं केलंत हा खरा प्रश्न आहे. मी पिशवीत घट्ट झाकणाची बाटली नेली आणि तीन दिवस कुणाशी नजर मिळवली नाही.

---

पाणपोई

माझी वेगळीच तऱ्हा. वजन ६५ किलो, वय ५५. दिवसरात्र लघवी, सगळी मापं ३०० ते ४५०. एका दिवसाची बेरीज ३८०० मिली. पाणी भरपूर प्यावं असं वाचून वर्षभर रोज चार लिटर पीत होतो, तहान असो नसो. यात काही गडबड असेल का? की प्यायलो तेवढी बाहेर पडते, विषय संपला?

---

पांढरा_कोट

विषय इतक्यात संपवू नका. चोवीस तासांत किलोमागे ४० मिलीहून जास्त झाली तर एकूणच लघवी जास्त, असं म्हणतात. तुमची सीमा येते २६०० मिलीवर, तुम्ही बरेच पुढे आहात. पाणी हेच कारण असण्याची शक्यता मोठी, पण आधी रक्तातली साखर आणि कॅल्शियम तपासा. लिथियमची गोळी चालू असेल तर सांगा. मधुमेहावरच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साखर लघवीवाटे काढतात, तिच्यामागून पाणीही जातं. म्हणून डायरीच्या कोपऱ्यात सगळ्या औषधांची नावं आणि घेण्याची वेळ लिहायचीच. तपासण्या ठीक आल्या तर तहानेपुरतं प्या आणि पुन्हा मोजा. पाणी आवरताना तहान असह्य झाली आणि लघवी तशीच राहिली, तर ते वेगळं प्रकरण, ताबडतोब दाखवा.

---

चिंतातुर_लेक

वडील ७८ वर्षांचे. दिवसा थोडी थोडी, सारखी होते, आणि गेल्या महिन्यापासून झोपेत अंथरूण ओलं होतंय. आधी असं कधीच नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालंय. दुखत काहीच नाही. वाचून वाटलं, आपणही डायरी सुरू करावी. झोपेतली कशी मोजायची?

---

पांढरा_कोट

ताई, डायरी राहू द्या. उद्याच त्यांना दाखवा. उतारवयात पुरुषाला नव्याने झोपेत लघवी होऊ लागली तर मूत्राशय तुंबून वरून सांडत असण्याचा संशय पहिल्यांदा घ्यायचा असतो. हे हळूहळू तुंबणं दुखत नाही, म्हणूनच ते फसवं. बेंबीखाली पोट फुगीर, टणक लागतंय का बघा. सोनोग्राफीत लघवी केल्यानंतर किती उरते ते बघतील, आणि किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन, कारण मागे दाब बसून किडन्यांना इजा होते.

बाकीच्यांनीही ऐका. लघवीत रक्त, लघवी अजिबात न होणं, ताप आणि थंडी, पायांत अचानक आलेला बधिरपणा किंवा अशक्तपणा, यांपैकी काही असेल तर तीन दिवस मोजत बसायचं नाही.

---

चिंतातुर_लेक

नेलं. लघवी केल्यानंतरही ९०० मिली उरत होती. नळी घातली आहे, क्रिएटिनिन वाढलेलं आहे पण उतरेल म्हणतात. बाबा काल पहिल्यांदा सलग झोपले. नंतर सविस्तर लिहीन, आत्ता डोकं जागेवर नाही. आभार.

---

सुई_दोरा

काळजी घ्या बाबांची आणि स्वतःचीही. आमच्याकडे पात्र आणून ठेवलंय. पहिल्या रात्री 'विसरलो', दुसऱ्या रात्री 'पेन सापडलं नाही'.

---

घाईगर्दी

@अर्धी_झोप, तुमची किडनी रात्रपाळी का करत होती, ते कळलं का शेवटी? धागा काढून गायब झालात.

---

अर्धी_झोप

गायब नाही, दोन महिने प्रयोग चालू होता. सांगतो.

डॉक्टरांनी मोजे खाली करायला लावले आणि नडगीवर अंगठ्याने दाबलं. खळगा पडला. मोज्याचा वळ म्हणून मी त्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. दिवसभर बसून काम, त्यात रक्तदाबासाठी अम्लोडिपिन, जिच्याने काहींच्या पायांना सूज येते. दिवसा पाणी पायांत साचतं, आडवं झालं की ते पुन्हा रक्तात येतं आणि किडनी ते उपसायला घेते. सूज हृदयामुळे तर नाही ना, म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. तो ठीक होता.

दुसरा प्रश्न बायकोला विचारला: घोरतात का? ती हसलीच. घोरणं आणि मधेच श्वास थांबणं, दोन्ही. झोपेची तपासणी झाली, त्यात स्लीप अॅप्निया निघाला. याचा लघवीशी काय संबंध, असं मलाही वाटलं. घशातली श्वासाची वाट बंद असताना माणूस आतून जोर लावतो, छातीतला दाब घसरतो, हृदयाच्या कप्प्यांवर ताण येतो. हृदयाला वाटतं अंगात पाणी जास्त झालंय, मग ते एक संप्रेरक सोडतं आणि किडनी मीठ-पाणी बाहेर टाकायला लागते. म्हणजे मी लघवीसाठी जागा होत नव्हतो. श्वास अडल्याने झोप मोडत होती आणि त्याच श्वासामुळे लघवीही वाढत होती.

रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी बदलली. आपल्या मनाने बंद करू नका कुणी. रात्री सीपॅपचं यंत्र, जे मुखवट्यातून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवतं. पहिला आठवडा ते तोंडावर लावून झोपणं म्हणजे शिक्षा होती. संध्याकाळी तासभर पाय उशीवर वर ठेवून पडायचं. झोपण्याआधी दोन-तीन तास पाणी घोटभरच.

---

शंकासुर

रात्रीची लघवी कमी करणारी एक गोळी असते ना, डेस्मोप्रेसिन? ती घेतली असती तर एवढा खटाटोप वाचला असता.

---

पांढरा_कोट

असते, आणि नीट निवडलेल्या माणसाला उपयोगीही पडते. पण ती किडनीला पाणी धरून ठेवायला लावते. त्याने रक्तातलं सोडियम घसरू शकतं, वय ६५ च्या पुढे जास्तच. गोंधळ, झटके, इथपर्यंत मजल जाते. सुरू करण्याआधी आणि नंतर सोडियम तपासत राहावं लागतं. पायांवर सूज असलेल्या माणसाला तर आधी सुजेचं कारण शोधायचं सोडून ती देणं मला पटत नाही. ऐकीव माहितीवर घ्यायची गोळी नाही ही.

---

तक्तेबाज

ते सगळं ठीक. दुसरी डायरी कुठे आहे? आकडे, आकडे!

---

अर्धी_झोप

घ्या. परवाची:

सकाळी ९:१०: २२०
दुपारी १२:४५: २६०
४:००: २३०
संध्याकाळी ७:३०: ३२०
रात्री १०:४०: १८०, झोपलो
३:२०: ३६०
सकाळी ६:२०: ३८०, उठलो

एकूण १९५०, रात्रीची ७४०. म्हणजे ३८ टक्के. तीनदाचं एकदावर आलं. धारेसाठीची गोळी चालू आहे, दुसरी बंद केली. ऑपरेशनचा विषय डॉक्टरांनी काढला नाही आणि मीही काढला नाही.

---

तक्तेबाज

संध्याकाळी ७:३० चे ३२० बघा. पहिल्या डायरीत त्याच सुमाराला १४० होते. हे कुठून आले?

---

अर्धी_झोप

सहा ते सात पाय वर ठेवून पडतो. रात्री दोनला यायची ती आता साडेसातला येते.